रिद्धीचं पारणं

ओतूरच्या बाजारपेठेत रिद्धीच्या अठाईचं कौतुक मावेना. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी, चेष्टा आहे का! "पुनमचंदशेठ, लेकीनं नाव काढलं राव!" गिऱ्हाईक कापडाला हात लावायच्या आधी हेच बोलायचं. आता शेवटचा दिवस उरला होता, आणि उद्याच्या पारण्याच्या मिरवणुकीला शेठनं बँडसुद्धा ठरवून टाकला होता.

रिद्धीची आई सुमतीबाई सगळ्यांपुढे हसायची, पण जीव थाऱ्यावर नव्हता तिचा. पुण्याला कॉलेजला जायच्या आधीची रिद्धी तिला हवी होती. बाई बाई, काय तोंड होतं त्या पोरीचं! बाटीवर तूप कमी पडलं की घर डोक्यावर घ्यायची. उन्हाळ्यात परत आली ती मुकीच. दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. पर्युषणात म्हणाली, "मी उपवास धरते," तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. आईलासुद्धा.

"उद्या मुगाच्या पाण्यानंतर काय करू गं तुला?" दुपारी सुमतीबाईनं विचारलं.

"काही नको. उपवास पुढे चालू ठेवते ना. भूकच नाही मम्मी."

सुमतीबाई चरकली. लग्नानंतर तिनंही अठाई केली होती. शेवटच्या दिवशी ओठांवर नवकार मंत्र आणि डोळ्यांपुढे राबडी! मेली काही केल्या हलेना. भूक मारायची तर आधी भूक लागावी लागते. ह्या पोरीला कशाचीच आस नव्हती.

ती लेकीजवळ बसली. "खरं सांग बेटा. हे तप नाही ना?"

रिद्धी भिंतीकडे बघत राहिली. "नुसतं जेवले नाही की तुम्ही ओरडायचा. उपवास म्हटलं की पाया पडता."

"जगावंसं वाटत नाही का गं तुला?" आईनं विचारलंच.

"कधी कधी नाही वाटत."

सुमतीबाईनं तिला घट्ट धरलं आणि माडीवरूनच हाक मारली, "अहो, वर या! बँडवाल्याला नाही म्हणून सांगा. आत्ता डॉक्टरकडे जायचंय. मनाच्या."

शेठ धापा टाकत आले. "अगं, पच्चक्खाण घेतलंय तिनं, शपथ आहे ती! व्रत मोडायचं? समाज काय म्हणेल?"

"मोडल्याचं पाप माझ्या माथी. मला माझी भांडखोर पोर पाहिजे हो!" आणि ती हमसून रडली.

शेठनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहत होते, देव जाणे. मग ते गाडी काढायला गेले.

सुमतीबाईनं मुगाचं पाणी केलं. पारण्याला अख्खं गोत चमच्या-चमच्यानं पाजतं. इथे एकटी आईच होती.

"मीठ कमी झालंय का?"

"चवच कळत नाही मम्मी."

"बरं. मी रोज विचारीन. कळायला लागली की भांड माझ्याशी."

रिद्धीनं पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.