मामंजींनी सांगितलेला ऑपेरा

"आगं, थांबव की तिला! किती दम हाय त्या बाईला!" मामंजी गोठ्यातून ओरडले.

मी ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होते आणि मोबाइलवर ऑपेरा चालू होता. आमच्या निमोणे गावात ऑपेरा आला तो माझ्यामुळं. रांजणगावच्या एका गेस्ट हाउसात मी स्वयंपाक करते. तिथं फिनलंडचा एक साहेब उतरला होता. त्याच्या बहिणीनं हा ऑपेरा रचलेला. सगळं नाटक गाऊनच. दोन-तीन गावांत प्रयोग झाले नि कुणी फारसं विचारलं नाही, म्हणून साहेब भेटेल त्याला ऐकवायचा. माझ्या थालीपिठावर खूश होऊन त्यानं तो माझ्या मोबाइलमध्ये भरून दिला. भाषा कळत नाही, पण मेथी निवडायला बरा.

"बंद करू का, मामा?"

"बंद नगं. थांबव. गाणारा थांबला की सांगणाऱ्यानं सांगायचं. त्याबिगर लोकांना कळायचं कसं?"

माझा हात जुडीवरच राहिला. बिरोबाच्या जत्रेत मामंजी सुंबरान, म्हणजे धनगरी ओव्यांतली देवाची गोष्ट, मांडायचे. ढोल वाजायचा, डावीकडं बसलेले म्हस्कूआप्पा ओवी गायचे, थांबायचे, आणि मामंजी तीच गोष्ट बोलून सांगायचे. उभी हयात ही जोडी. म्हस्कूआप्पा गेले तसं मामंजींनी सांगणं सोडलं. रविवारच्या जत्रेसाठी पोरं विनवून गेली, तर त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

मी घाईनं गाणं थांबवलं. मामंजी हात धुऊन आले, पटका सारखा करून ऐसपैस बसले.

"तर मंडळी," ते मेथीला म्हणाले, "ह्या बाईचं कोकरू चुकलंय. डोंगर पालथा घालतीया, हाका मारतीया."

"कोकरूच कशावरनं?" चुलीपासून सासूबाई म्हणाल्या.

"हाक ऐकली न्हाईस? चुकल्याबिगर अशी हाक कोण मारतंय?"

"मला तर कवा मारली न्हाई अशी."

"तू कवा चुकलीस?"

सासूबाईंनी भाकरी जरा जोरातच थापली.

मग बाई गायची, मी थांबवायची, मामंजी सांगायचे. जाड आवाजाचा एक पुरुष आला, त्याचा त्यांनी लांडगा केला. शेजारची विठाबाई दुधाला आली ती तांब्या घेऊन बसलीच. "मंग फुडं?"

खरी गोष्ट साहेबानं मला सांगितली होती. समुद्राकाठच्या दीपस्तंभापाशी राहणारी बाई, आणि नावेतून न परतलेला तिचा नवरा. मी बोलले नाही. मामंजींचं फारसं चुकत नव्हतं.

"आबा, जत्रंत बसा की असंच," विठाबाई म्हणाली.

मामंजींचा चेहरा उतरला. "नवं पोरगं गातंय चांगलं. पण थांबत न्हाई. म्हस्कूला सांगावं लागायचं न्हाई."

"ही तरी कुठं थांबतीया? तुमची सूनच थांबवतीया तिला."

"मंग सुनंलाच बसवावं लागंल ढोलापाशी."

"बसते की," मी म्हणाले.

"बघू."

"बघू म्हंजी?" सासूबाईंनी उलथनं हातात धरूनच विचारलं.

"म्हंजी धोतर धुऊन ठेव."

विठाबाई आनंदानं मांडीवर थाप मारून हसली. तांब्या कलंडला, तो रिकामाच होता म्हणून बरं.

शेवटचं पद राहिलं होतं. मामंजींनी गोष्ट डोंगराच्या माथ्यावर आणून सोडली, घसा साफ केला, डोळे मिटले, डावीकडं मान कलती केली.

"हां म्हस्कू, म्हण."

मी बटण दाबलं आणि ती बाई गायला लागली.