फिरतं त्याला तेल

घरात सायकल दुरुस्त होत असली की ओट्यावरच्या वाटीतही नट सापडतात, याची तिला एव्हाना सवय झाली होती. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. आजारपणानंतर हाताला कंप सुटला आणि दुकानाला कुलूप लागलं. तेव्हापासून भिंतीकडे बघत बसणारा माणूस वडिलांची तीन गियरची सायकल माळ्यावरून उतरवून कामाला लागला, मग नटांबद्दल कुरकुर कोण करणार?

या सायकलचे गियर मागच्या चाकाच्या मधोमध, हबमध्ये दडलेले. ते त्याने चादरीवर सुटे केले, रॉकेलात धुतले, केसासारख्या बारीक स्प्रिंगा चिमट्याने बसवल्या. चिमटा दहादा घसरला, अकराव्यांदा बसला. ती विचारायची, तेल कुठेकुठे? तो मान वर न करता म्हणायचा, जे जे फिरतं त्याला.

आज सकाळी नवे ब्रेक बसले, तिसरा गियर लागला. स्वारी एकदम खूश. उतारावर बघून येतो म्हणाला आणि निघालासुद्धा.

ती पसारा आवरायला लागली. जुन्या ब्रेकचं झिजलेलं रबर उचलताना तेलकट बोटांतून सटकलं. ती पुन्हा उचलायला वाकली आणि तिथेच थिजली. हे रबर चाकाच्या रिमला घट्ट धरतं, तेव्हा सायकल थांबते. आणि सकाळी तो आंघोळीला गेला असताना तिने दोन्ही रिम्सना सढळ हाताने तेल चोपडलं होतं. गंज चढू नये म्हणून. फिरतात म्हणून.

चपला न घालताच ती धावली. उताराच्या टोकाला मोठा रस्ता, त्यावर दिवसभर ट्रक. खालून ट्रकचे ब्रेक करकचून लागल्याचा आवाज आला आणि ती आणखी जोरात धावली.

ट्रक पुढे निघून गेला होता. रस्त्याच्या अलीकडे, बांधकामाच्या वाळूच्या ढिगात सायकल आडवी रुतली होती आणि तो शेजारी बसला होता. कोपर सोलवटलेलं, बाकी धड. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"विकून टाक ही," तो म्हणाला. "साधे ब्रेक बसवता येत नाहीत मला. संपले हे हात."

गप्प बसणं किती सोपं होतं! सायकल जाईल, उतार जाईल, हा जन्मभर घरात सुखरूप बसेल. भिंतीकडे बघत.

"रिमला तेल मी लावलं," ती म्हणाली. "दोन्ही चाकांना. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा."

तो ओरडेल म्हणून तिने खांदे आकसून घेतले. त्याने वाकून रिमवर अंगठा फिरवला, मग तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे ब्रेक मी बरोबर बसवले होते?"

"हो."

त्याचे डोळे भरून आले. त्याने हात पुढे केला. "कोरडा रुमाल आहे का?"

कोपरासाठी मागत असेल, असं तिला क्षणभर वाटलं. पण त्याची नजर चाकावर होती. तिने एकदा उताराकडे पाहिलं. तिने रुमाल काढून दिला.