शामलाबाईंचा कॉर्नेट

बायको, शामला, गेल्याची बातमी मारोतरावाला लेथवर, कातकाम करताना कळली. मंगळवार होता, सन अडतीसचा भादवा. लोको शेडचा दुपारचा भोंगा अजून व्हायचा होता. कुहीचे रुपराव दारातून आत आले आणि चार पावलांवर थांबले. त्यांच्या हातात कापडात गुंडाळलेला कॉर्नेट होता. ते आखूड पितळी वाद्य शामला कोणाच्या हाती देत नसे. मारोतरावाने लेथ बंद केला.

रुपरावांनी मान खाली घालूनच सांगितलं. कुहीत पटकीची साथ होती. बाईंना रविवारी रात्री लागण झाली, सोमवारी दुपारी सगळं आटोपलं. पटकीचा देह ठेवता येत नाही, म्हणून गावाने अग्नी देऊन टाकला. मारोतरावाला तिचं तोंडही पाहायला मिळालं नाही. हाती आला तो कॉर्नेट.

शामला नागपुरात सदरमधल्या एका शाळेत गाणं शिकवायची. तिचे वडील रेल्वेच्या क्लबात दिवाबत्ती पाहत. तिथल्या गोव्याच्या बँडमास्तरने तिला लहानपणी कॉर्नेट शिकवला आणि जॅझची गोडी लावली. शाळेत तिने नऊ मुलांचा जॅझचा बँड उभा केला. कामठीच्या पलटणीने टाकून दिलेली वाद्यं मागून आणली. सगळ्यांनी मिळून धून वाजवायची, मग बाकीच्यांनी हळू व्हायचं आणि एकाने उभं राहून मनातलं वाजवायचं, अशी तिची रीत होती. पाठ केलेलं कोणी वाजवलं तर ती त्याला खाली बसवत असे.

वाद्यं चार आणि पोरं नऊ. एकाने फुंकलेलं दुसऱ्याने तोंडाला लावायचं म्हणजे उष्टं, आणि घरोघरी तीच अडचण. म्हणून मारोतराव लेथवर पितळेचे माउथपीस कातून देई. ओठाला लावायचा तेवढा तुकडा ज्याचा त्याचा, बाकी वाद्य सगळ्यांचं. शेजारच्या लेथवरचा ताराचंद चिडवायचा, "इंजिनाचे पुर्जे राहिले बाजूले, हा मास्तरीणबाईच्या पोराईचे चमचे बनवून राहिला."

कौशल्याचा माउथपीस तेवढा राहिला होता. ही कुहीची चौदा वर्षांची मुलगी, रुपरावांची भाची, शिकायला नागपुरात मावशीकडे राहिलेली. तिने एकदा शामलाचाच कॉर्नेट तोंडाला लावला. ते आईच्या, रुख्मिणीबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी पोरीला घरी नेलं. तिला परत आणायला शामला कुहीला गेली होती. माझे यजमान कौशल्याला नवा तुकडा करून देतील, दुसऱ्या कोणाचं तिच्या तोंडाला लागणार नाही, असा शब्द तिने दिला. तो शब्द देऊन झाला त्याच रात्री ती आजारी पडली.

तेरावं झालं. हेडमास्तरांनी मारोतरावाला बोलावलं. नाताळाआधीच्या संमेलनात बँड वाजला तर ठीक, नाहीतर वाद्यं कोठीत जातील, असं ते म्हणाले. कॉर्नेटशिवाय बँड वाजणार नव्हता, आणि पोरांत तो एकट्या कौशल्याला वाजवता येई. मारोतरावाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो रोज पाळी संपली की शाळेत जाऊन बसू लागला.

रुख्मिणीबाई स्वतः कौशल्याला घेऊन येणार असं पत्र आलं. मारोतरावाने पितळेची कांडी लेथला लावली. हात पुढे जाईना. घरी येऊन त्याने शामलाचा कॉर्नेट उघडला आणि तिचा माउथपीस काढून तळहातावर ठेवला. तिचा श्वास जगात कुठे राहिला असेल तर यात, असं त्याला वाटलं. मग त्याने तो उकळला, चिंच आणि राखेने घासला, बाहेरची कड लेथवर जराशी उतरवली. तुकडा लखलखला.

रुख्मिणीबाईंनी तो पदराच्या टोकात धरून पाहिला.

"नवा हाय ना, भाऊ?"

"हो. नवा हाय."

पहिल्या दिवशी कौशल्या वाजवायला उभी राहिली. वरच्या सुराला जायच्या आधी शामला नाकाने बारीकसा श्वास ओढायची आणि सुराच्या खालून चढायची. तस्सं झालं. क्लॅरिनेट वाजवणारा ओमप्रकाश वाजवता वाजवता थांबला आणि बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून पाहू लागला. 

त्यानंतर मारोतराव त्या एका श्वासासाठी शाळेत जाऊ लागला. पोरं दमली तरी तो कौशल्याला पुन्हा उभं राहायला सांगे. डोळे मिटले की शामला चार हातांवर असे. घरी येऊन तो दोन पाट मांडी.

कौशल्या मात्र वाळत चालली. आधी ती बँडमधली सगळ्यात बडबडी पोर होती, आता वाजवून झालं की भिंतीला टेकून बसे. संमेलनाला आठ दिवस राहिले तेव्हा एकदा सगळी गेल्यावर ती मागे थांबली.

"काकाजी, वाजवताना मले लवंगेची चव येते."

शामला दाढेत लवंग धरायची. 

"मी दम घ्याले थांबतो, तरी सूर पुढं जाते. काहून?" तिने माउथपीस काढून बाकावर ठेवला. "हा कोणाचा हाय?"

नाही म्हणणं सोपं होतं. पोर होती, आणि त्याचा शब्द तिने मानला असता. उद्या ती पुन्हा उभी राहिली असती आणि शामला पुन्हा आली असती. 

"तुझ्या बाईचा," तो म्हणाला. "मले तिले ऐकाचं होतं."

कौशल्याने फ्रॉकच्या बाहीने ओठ पुसले, पुन्हा पुसले. मग म्हणाली, "तुम्हाले बाई ऐकू येते, काकाजी. पण मले मी ऐकू येत नाही."

मारोतरावाने बाकावरचा तुकडा उचलून खिशात टाकला.

"मायले मी नाही सांगत," ती जाता जाता म्हणाली. "तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने नवा माउथपीस कातला. ताराचंदने कांडी धरून मदत केली, चिडवलं नाही. संध्याकाळी शाळेत कौशल्याने फुंकल्यावर त्यातून पहिला आवाज निघाला तो वासरू हंबरल्यासारखा. ओमप्रकाश खो-खो हसला, कौशल्याने त्याला कोपर मारलं आणि तीही हसली.

संमेलनाच्या दिवशी तिने एकटीने वाजवायची वेळ आली. ती अडखळली, एक सूर सांडला, मग भलतीकडेच निघाली. शामला कधी गेली नव्हती तिकडे. मारोतराव त्या बारीक श्वासाची वाट पाहत होता. तो आला नाही. पोरीचं वाजवणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि भरल्या मंडपात मारोतरावाला कळलं की आपली बायको मेली.

वाद्यं कोठीत गेली नाहीत. रुख्मिणीबाई पहिल्या रांगेत होत्या. उठून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाईनं शब्द देला होता भाऊ, तुम्ही पाळला." त्याने मान हलवली.

आता होळी येऊन ठेपली. इतवारी स्टेशनाहून कुहीची गाडी रोज सुटते. रुख्मिणीबाईंना खरं सांगायचं अजून राहिलं आहे.