गळक्या पाइपाखालची सफरचंदं

पैज जिन्यात लागली, आणि लागायला कारण टाकीवाल्याचं तोंड.

टाकीवाला आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. काचेच्या टाक्या आणि त्यात पोहणारे रंगीत मासे विकतो. अर्धं दुकान घरातच, आणि वर बिल्डिंगच्या कमिटीचा मुख्य. मी खालच्या मजल्यावरचा, कुलपं-किल्ल्यांवाला. आम्ही दोघं शाळेपासून एकमेकांच्या उरावर बसलेलो आहोत. एकाला ठेच लागली की दुसऱ्याला दोन घास जास्त जातात.

तर हा जिन्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता, "थंडी सरली की रंगारी येणार. मागच्या भिंतीवरची ती हिरवी घाण खरवडून काढायची आणि वर दोन हात रंग!"

"घाण कुणाला म्हणतोस?" मी म्हणालो. "ताईचं आहे ते."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच राहते. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असतं, म्हणून सगळी बिल्डिंग तिला भिंगताई म्हणते. ती नेमकी तेव्हा भाजी घेऊन जिन्याशी पोचली.

"ताई, तुमचा मान ठेवून सांगतो," टाकीवाला म्हणाला, "पण त्या भिंतीच्या आत माझं गोदाम आहे. माशांच्या खाण्याला बुरशी लागते. आणि ते शेवाळ ठेवून करायचंय काय? फळणार आहे का ते?"

"शेवाळ नाही, मॉस आहे," ताई म्हणाली. "आणि हो, बोंडं धरणार आहे."

"बोंडं?" टाकीवाला इतका हसला की त्याचं पोट कठड्यावर आपटलं. "ताई, जन्म गेला माझा टाक्यांतलं हिरवं घासण्यात. बोंड काय, कळीसुद्धा पाहिली नाही!"

आता माझ्या बहिणीला कुणी हसलं की मला कसं होतं ते विचारू नका. तिला हसायचा हक्क माझा.

"लाव पैज," मी म्हणालो. "रंगारी त्या भिंतीपाशी पोचायच्या आत बोंडं आली तर तेवढा तुकडा तसाच राहील. नाही आली तर मी स्वतःच्या हाताने खरवडतो."

"आणि हरणाऱ्याने काय करायचं?"

"मॉस व्हायचं. हिरवी चादर अंगावर घ्यायची आणि अंगणातल्या गळक्या नळाखाली गप्प बसायचं. सगळी बिल्डिंग कामावर जाईपर्यंत."

"गप्प बसायचं? तू?" टाकीवाला म्हणाला. "हे बघायला तर मी दुकान बंद ठेवीन. लागली पैज! पण एक अट. कुणीही भिंतीला हात लावायचा नाही. तूही नाही, मीही नाही."

आम्ही हातावर हात मारले. ताई आमच्याकडे बघत होती, दोन मुलं चिखलात लोळताना बघावं तशी. पण अट ऐकल्यावर म्हणाली, "हे चांगलं केलंत. हात लावायचाच नाही."

घरात आल्यावर मी विचारलं, "ताई, येतील ना गं बोंडं?"

"माहीत नाही," ती भाजी निवडत म्हणाली.

"माहीत नाही? मग जिन्यात एवढ्या ठसक्यात बोललीस ती?"

"यायलाच हवीत, म्हणून."

मग तिने मला मागे नेलं. त्या घरात माझा जन्म गेला, पण ती भिंत मी कधी धड पाहिली नव्हती. गच्चीवरून उतरणारा पाण्याचा पाइप तिथे माझ्या खांद्याच्या उंचीला, जोडावर गळतो. त्याच्याखाली विटांवर निळसर हिरवी मऊ गादी. ताईने भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि माझं डोकं पुढे ढकललं.

"बघ. खोड तांबूस, सरळ उभं. खालच्या अंगाला तपकिरी लव, त्यातच पाणी धरून ठेवतं. पानं बारीक, टोकदार, आणि त्यांच्यावर अगदी सूक्ष्म पुटकुळ्या. म्हणून वरून पाण्याचा थेंब पडला की पसरत नाही, मोत्यासारखा बसतो."

खरंच बसला होता. भिंगातून ते जंगल दिसत होतं. मला उगाच वाटलं की आतून कुणीतरी माझ्याकडे बघतंय.

त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच म्हणे ओल आवडणारं. नाव उच्चारायला मला दोन घोट पाणी लागतं, म्हणून इथे देत नाही. ते राहतं कुठे, तर डोंगरात. झऱ्याच्या तोंडाशी, ओढ्याच्या काठच्या दगडांवर, बारा महिने पाणी पाझरतं अशा कड्यांवर. शहरात म्हणून कुणी पाहिलेलं नाही. ताईने वीसेक वर्षं डोंगर तुडवून याच्या जागा नकाशावर मांडल्या. आता या भागातल्या सगळ्या मॉसचा मोठा ग्रंथ निघतोय, त्यात या जातीचं वर्णन आणि आढळ तिच्याकडे. आणि शहरातली ही एकच नोंद.

"संपादक फोनवर हसला मला," ताई म्हणाली. "म्हणे, गटाराच्या पाइपाखाली कुठलं आलं ते? याच्यासारखी दिसणारी एक साधी जात आहे, तीच असणार. डोळे थकले तुमचे, ताई. बोंड मिळालं तर ओळख पक्की होईल, नाहीतर नोंद काढतो."

डोळे थकले म्हणाला. तिला नोंद जाण्यापेक्षा ते लागलं होतं. हातात राहिलेला भाजीचा देठ तिने मोडला तो असा की मी मागे सरकलो.

"मग बोंडं येत का नाहीत?"

"कारण या सगळ्या माद्या आहेत." तिने वर बोट दाखवलं. टाकीवाल्याच्या गॅलरीचं पाणी जिथून निथळतं, तिथे विटेचा एक कंगोरा आहे. त्याच्यावर हिरवा ठिपका. "आणि नर ते तिथे. यांच्यात नर-मादी वेगळी रोपं. नराच्या टोकाला बशीसारखं फूल असतं. त्या बशीत वरून थेंब आपटला की तुषार उडतात, आणि त्यातून बीज मादीपर्यंत जातं. पाण्याशिवाय लग्न नाही. इथे मधे हातभर भिंत कोरडी. वरचं पाणी नुसतं ओघळतं, उडत नाही."

"एवढंच ना? ड्रॉपरने उचल थेंब आणि सोड खाली. मी स्टूल धरतो."

"नाही."

"अगं, कुणाला कळणार आहे?"

"मला," ताई म्हणाली. "मी हाताने लग्न लावलं तर ते माझ्या बागेतलं झालं. या शहरात ते आपलं आपण वाढतं, हे मला दाखवायचंय. हात लावलास तर बहीण-भाऊ संपलं."

तिने असं म्हटलं की संपतं. एकदा तिने माझ्याशी अख्खा उन्हाळा बोलणं टाकलं होतं, एका बेडकासाठी. पण माझं डोकं म्हणजे कुलूपवाल्याचं. सरळ किल्ली नाही चालली तर मी दार खांद्याने नाही ढकलत, आतल्याकडूनच उघडून घेतो.

दुसऱ्या दिवशी टाकीवाला जिना उतरताना ऐकू आला आणि मी फोन कानाला लावून मोठ्याने बोलायला लागलो. पलीकडे कुणी नव्हतं. "हो हो, पाण्याखालीच वाढतं. पण हळूहळू पाझरणारं! वरून बादलीभर पाणी धबकन पडलं की मूळच सुटतं. आठवड्यात खल्लास! नशीब, टाकीवाल्याला माहीत नाही."

वळून पाहिलं तर टाकीवाला चपलेचा पट्टा नीट करतोय. पट्टा नसलेल्या चपलेचा.

त्याच संध्याकाळी वरून धबाक! टाक्यांचं जुनं पाणी. एरवी मोरीत जायचं, आता गॅलरीतून सरळ भिंतीवर. भिंतीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, बादलीबद्दल कोण बोललं होतं? कंगोऱ्यावर पाणी आपटायचं आणि खालच्या गादीवर तुषारांचा फवारा. मी खिडकीत चहा पीत बसायचो आणि मनातल्या मनात अक्षता टाकायचो. वरून धबाक, माझा एक घोट. धबाक, दुसरा.

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा ताई मागे गेली आणि तिच्या डोक्यावरच बादली आली. निथळत घरात शिरली. माझं तोंड बघितलं आणि तिला सगळं कळलं. लहानपणापासून ती माझं तोंड भिंगाशिवाय वाचते.

"तू त्याला काय सांगितलंस?"

सांगितलं. मला वाटलं रागवेल किंवा हसेल. ती पांढरी पडली.

"तो समुद्रातले मासेपण ठेवतो ना?"

"ठेवतो की."

"म्हणजे मिठाचं पाणी. मूर्खा, एक बादली खारं पाणी पडलं तर संपलं सगळं! डोंगरातून इथवर आलेलं ते, वाऱ्यावर आलं की कशाने देव जाणे, आणि तुझ्या चावटपणाने मरायचं?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. हे डोक्यातच आलं नव्हतं. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर पळालो. टाकीवाला गॅलरीत बादली उचलतच होता. मी झडप घातली, बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

गोडं. माशांची विष्ठा धरून गोडं.

"अरे वेड लागलं का तुला?" टाकीवाला ओरडला. "तहान लागली तर घरात ये, पाणी देतो!"

तोवर ओल्या केसांची ताई मागे येऊन उभी राहिली. मी डोळ्यांनी खुणावत होतो, गप्प बस, गप्प बस. ती माझ्याकडे बघायलाही तयार नाही.

"भाऊ," ती टाकीवाल्याला म्हणाली, "याने तुम्हाला फसवलं. पाणी मारून ते मरत नाही. उलट तुम्ही ओतता त्यानेच बोंडं यायची शक्यता आहे. ओतायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त खारं पाणी टाकू नका, त्याने मात्र मरेल. आजपर्यंत टाकलंत का?"

टाकीवाल्याची बादली खाली आली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या जागी दुसरा असता तर शरमला असता.

"नाही ताई. खारं पाणी महाग, ते मी गाळून परत वापरतो," तो म्हणाला. मग चेहरा उजळला. "म्हणजे आता नुसतं थांबलो तरी जिंकलो?"

"कदाचित."

"मग थांबलो!" त्याने ती बादली मोरीत ओतली, हळूच, एक थेंब न उडवता.

जिना उतरताना मी कपाळ बडवलं. "ताई, शत्रूच्या हातात किल्ली देऊन आलीस!"

"ते कशाने मरतं हे त्याला माहीत नाही, एवढ्याच भरवशावर मला ते जगवायचं नाहीये," ती म्हणाली. "झालं असेल तर झालं असेल."

मग थंडी पडली. भिंत तीच, गादी तीच. ताई रोज सकाळी भिंग लावून उभी राहायची, मान हलवत आत यायची. गुडघे धरायचे तिचे, स्वेटरवर स्वेटर चढवायची, पण नागा नाही. बायको म्हणाली, "ताई, एखाद दिवस मी बघते." ताई म्हणाली, "तुला काय दिसलं नाही ते मला कसं कळणार?" टाकीवाला वरून विचारायचा, "काय ताई, बोंडं तोडायला पिशवी आणू का?" मी हिरवी चादर शोधून ठेवली होती. मला शोभेल अशी, फुलाफुलांची.

एका सकाळी ताई आत आलीच नाही. चहा निवला. मागे गेलो तर ती भिंतीला जवळजवळ नाक टेकवून उभी.

"ये. श्वास रोखून बघ."

गादीतून लाल दोऱ्यांसारखे देठ निघाले होते, केसाएवढे. त्यांच्या टोकाला अजून काही नव्हतं.

"हेच?"

"हे देठ. बोंडं अजून फुगायचीत."

आणि त्याच आठवड्यात रंगारी आले. बांबू बांधले, पुढची भिंत सुरू. मग डावी. मग उजवी. टाकीवाला मुकादमाच्या कानाला लागलेला, "मागची आधी घ्या ना." ताईने मुकादमाला एकदाच भिंगातून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग टाकीवाल्याला म्हणाला, "साहेब, क्रमाने जाणार. रंगाला रंग जुळत नाही मग." कुठला रंग जुळत नाही ते त्यालाच ठाऊक.

मागच्या भिंतीला बांबू टेकले त्या सकाळी ताईने मला आणि टाकीवाल्याला बोलावलं. आधी भिंग त्याला दिलं.

तो वाकला. वाकलेलाच राहिला.

"हे तर..." तो म्हणाला, "सफरचंदं आहेत."

होती. हिरवीगार, गोल, मोहरीपेक्षा लहान सफरचंदं, प्रत्येक लाल देठावर एक, जरा तिरकी मान करून. कितीतरी. त्या साध्या जातीचं बोंड असं गोल कधीच नसतं, म्हणे. ताईने चिमूटभर डब्यात घेतलं, फोटो काढले, संपादकाला पाठवलं. संध्याकाळी फोन आला. आम्ही सगळे स्पीकरला कान लावून.

"ताई, तीच आहे," संपादक म्हणाला. "नोंद घेतो. आणि ते डोळ्यांचं... ते मी मागे घेतो."

"घ्या," ताई म्हणाली. "आता लिहून घ्या. अधिवास: विटांची भिंत, गळक्या पाइपाखाली. फलन: शेजारी वरून पाणी ओततात त्याच्या तुषारांनी."

"हे असंच छापू?"

"जसं झालं तसंच."

गोदामाला आतून ओल रोखणारा लेप द्यायचा आणि बाहेरचा तुकडा सोडून रंगवायचं, हे टाकीवाल्याने स्वतःच मुकादमाला सांगितलं. पण पैज ती पैज. दुसऱ्या सकाळी मी चादर घेऊन त्याच्या दारात.

"फुलंफुलं?" तो म्हणाला. "मॉसला फुलं असतात का रे?"

"नराला असतात. ताईला विचार."

तो अंगणात नळाखाली बसला. अंगावर चादर, डोक्यावर टप टप. शाळेची पोरं दप्तरं टाकून उभी राहिली. शिंपी, नर्सबाई, बँकेतला, सगळे जाता जाता थांबत होते. त्याची बायको गॅलरीतून म्हणाली, "असे गप्प बसलेले मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघतेय. चादर ठेवून द्या हो आमच्याकडेच." बिल्डिंग हसून हसून वाकली.

ताई भिंग घेऊन आली. त्याच्याभोवती एक चक्कर मारली, कानाशी भिंग धरलं आणि वर्गात सांगावं तशी बोलू लागली.

"खोड आखूड, जाड, न फांदलेलं. माथा बहुतांशी उघडा. खालच्या अंगाला तपकिरी लव. आढळ: जिने, गॅलऱ्या, कमिटीच्या सभा. सर्वत्र सामान्य."

टाकीवाला चादरीतून थरथरत होता, हसून की थंडीने कळेना. मग त्याला जोरात शिंक आली, चादर उडाली, पोरं मागे पळाली.

ताईने भिंग पुसलं. "ओल सोसत नाही," ती म्हणाली. "जात वेगळी आहे." आणि त्याच्यासाठी आल्याचा चहा टाकायला आत गेली.

तो उठायला लागला, तसं मी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. बँकेतला अजून कामावर न जाता फाटकातच रेंगाळत होता.