नेश अ‍ॅव्हिस

पाकळी बोटाला चिकटून बसली होती, सुटत नव्हती. निळसर, हायड्रेंजियाची, तान्ह्या बाळाच्या नखाएवढी... अ‍ॅव्हिस बॅगशॉने ती ओठांजवळ नेऊन फुंकली, चिमटीत धरली आणि ओल्या मातीवर ठेवून अंगठ्याने दाबली, खालच्या पाकळीवर थोडी चढवून, कौलावर कौल चढवतात तशी. खालून वर लावत जायचं, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. वरून खाली येणाऱ्या नवशिक्यांचं चित्र पहिल्याच सरीत चिखल होऊन झऱ्यात उतरतं, आणि मग गाव ते जन्मभर विसरू देत नाही. गाव काय काय विसरू देत नाही, हे अ‍ॅव्हिसइतकं कुणाला ठाऊक असणार.

शेडमध्ये तिच्यासमोर मातीने भरलेला लाकडी पाट आडवा पडला होता आणि त्यावर आल्डर झाडाच्या काळ्या बोंडांनी रेखलेली चार इंग्रजी अक्षरं होती. नेश. दर उन्हाळ्यात झऱ्याचे आभार मानायला गाव मातीत पाकळ्यांची चित्रं करतं, या वर्षी चित्रांऐवजी आपले जुने शब्द लावायचे ठरले, तेव्हा तिचा भाऊ रेग भर सभेत पाय पसरून म्हणाला होता, "मग नेश हवाच की. आपल्याकडे जिवंत नमुना आहे." सगळे हसले. तीही हसली, जन्माची सवय. आणि हसता हसताच म्हणाली, "लावा. मीच करते." आता हा शब्द आज दुपारी सगळ्या गावासमोर उभा राहणार होता, तिच्या हातचा, आणि तो नीट उभा राहायला हवा होता. बाकी काही नको होतं तिला. पण हे एवढं किती हवंसं वाटतंय, याचीच तिला लाज वाटत होती.

थंडी सोसत नाही तो नेश. अंग चोरणारा नेश. बाजारातून परत येताना दोन पिशव्या जड झाल्या तरी नेश... चित्रांची माती तुडवायला मुलांना अनवाणी उतरवत, तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल. नदीकाठची माती, ओली राहावी म्हणून मीठ टाकलेली, बर्फासारखी गार. गार लाटा पोटऱ्यांतून पोटात चढल्या आणि ती रडत बाहेर आली. बाप — दगडाच्या खाणीतला, जेबेझ बॅगशॉ, ज्याला जानेवारीत बनियनवर काम करताना सगळ्यांनी पाहिलं होतं — म्हणाला, "ही नेश आहे. बायकांत बसवा." तो रागावला नव्हता. दुधात पाणी आहे म्हणावं, तसं साधं म्हणाला. आणि ती बायकांत बसली, पाकळ्या खुडायला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. नेश अ‍ॅव्हिस.

"अगं, तुला सांगायचं राहिलं," पाटाच्या पलीकडून मिसेस ऑलरेनशॉ म्हणाल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सांगायचं राहिलेलं त्यांच्याजवळ कधी संपत नसे. "हजार वर्षांमागे नेश म्हणजे नुसतं मऊ. कोवळा देठ नेश, भिजलेली जमीन नेश. आणि माणसाचं काळीज नेश, म्हणजे ज्याला दुसऱ्याची दया येते असं. पाद्री लोक देवाकडे मागायचे म्हणे, काळीज नेश कर."

"मग बिघडलं कधी?"

"हळूहळू. मऊचं झालं लेचंपेचं, लेच्यापेच्याचं झालं भित्रं, आणि आपल्याकडे येईतो राहिली फक्त थंडी." मिसेस ऑलरेनशॉंनी एक बोंड सरळ केलं. "चहा घेणार का? ओटची धिरडीही आहेत."

अ‍ॅव्हिसने पुढची पाकळी चिमटीत धरली. देवाकडे मागायचे... म्हणजे कुणीतरी गुडघे टेकून मागितलेली गोष्ट मला फुकट मिळाली होती आणि मी ती जन्मभर कोटाखाली लपवत राहिले. कोटाखाली तरी कुठे? कोट घालायचीच सोय नव्हती. बापाला पुरलं तेव्हा फेब्रुवारी होता, डोंगरावरून वारा सुटला होता आणि ती काळ्या झग्यावर उभी राहिली, बिनकोटाची, कुणी म्हणायला नको म्हणून. दात वाजू नयेत म्हणून जबडा आवळून धरला होता. पाद्री काय म्हणाला, पेटी कशी उतरली, कोण रडलं... काही आठवत नाही. बापाच्या मातीची तिला फक्त थंडी आठवते. हे तिने कुणाला सांगितलेलं नाही. आणि त्याच्या आधीचंही नाही: इस्पितळात, फुप्फुसात दगडाची धूळ भरलेला तो बाप तिच्या हाताला धरून पुटपुटला होता, आणखी एक ब्लँकेट दे गं. आणि मग, रेगला सांगू नकोस.

शेवटची पाकळी बसली. तिने उपडा हात मातीवरून फिरवला, न टेकवता, आजारी मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा. ही तिची जुनी खोड; ओल्या मातीचा गारवा तिला न टेकवताही लागायचा. गार... गार... गार... आणि शेवटच्या अक्षराच्या पायाशी गारवा नव्हता. तिने हात मागे नेला, परत आणला. नव्हता. सकाळभर दारातून तिथे ऊन येत होतं.

"झालं का गं?" रेग दारात उभा होता, शर्टाच्या बाह्या दुमडून. "ट्रॅक्टर येऊन थांबलाय."

"कोपरा सुटलाय."

रेगने येऊन खाणीतला जाड अंगठा मातीवर दाबला. "कुठे सुटलाय? दगडासारखा बसलाय."

"मला गार लागत नाहीये."

"तुला गार लागत नाही? आज सूर्य पश्चिमेला उगवलाय की काय?" त्याच्यामागे पाट उचलायला आलेले दोघे हसले. "उचलू या आता. पाद्रीबुवा झऱ्यावर ताटकळत उभे आहेत."

नेहमीप्रमाणे हसायची वेळ आली होती. ओठ तसे वळलेही. पण पाट उभा झाला की तो कोपरा घसरणार, अक्षर घेऊन खाली येणार, सगळ्यांच्या देखत, आणि लोक म्हणणार की नेश अ‍ॅव्हिसचं काम, दुसरं काय व्हायचं... "पाद्रीबुवांना उभं राहू दे," ती म्हणाली. सुरी घेतली आणि स्वतः लावलेल्या पाकळ्यांतून सरळ खाली कापत गेली. मिसेस ऑलरेनशॉंनी डोळे मिटले. मातीचा तुकडा, माती धरून ठेवायला पाटात ठोकलेल्या खिळ्यांवरून, आख्खा हातात आला, तव्यावरून भाकरी सुटावी तसा, आणि खालून कोरडा, पांढरट, भेगाळलेला.

रेगने तो तुकडा हातात घेतला, उलटापालटा केला, ठेवला. मग घसा खाकरून म्हणाला, "ओली माती मी आणतो." आणि बादली घेऊन गेला.

कोपरा नव्याने लावून पाट झऱ्यापाशी उभा केला तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. चौघांनी कडा धरल्या, रेग खालून. लाकूड करकरलं, पाट तिरका झाला, आणखी तिरका, आणि सरळ उभा राहिला. एक पाकळीही पडली नाही. चारही अक्षरं उन्हात निळी, ओली, जिवंत... लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला खूप आनंद झाला, आणि या वेळी तो तिने लपवला नाही. माझा हात. ज्याला लागतं तो हात. रेगच्या अंगठ्याला हे जन्मात कळलं नसतं, आणि हे तिला कुणाला ऐकवायचंही नव्हतं. कळलं होतं, तेवढं पुरे होतं. हजार वर्षं चालून, वाटेत मार खाऊन, तोंड बिघडवून घेऊन तो शब्द तिच्या दारात आला होता, आणि तिने त्याचं तोंड धुऊन त्याला उभं केलं होतं.

पाद्रीबुवांची प्रार्थना सुरू झाली. सूर्य ढगाआड गेला आणि पाण्यावरून वारा आला. सगळे शर्टांवर होते, जुलै होता, भर उन्हाळा.

"थंडी वाजतेय का गं?" रेगने तोंड न वळवता, सवयीने विचारलं.

नाही रे, हे जिभेवर तयार होतं. तयारच असायचं.

"हो," ती म्हणाली, पुढच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्याने. "चांगलीच वाजतेय. माझा कोट आण, ट्रॅक्टरवर राहिलाय."

दोन-तीन माना वळल्या. वळू देत. रेग तिच्याकडे बघत राहिला, हसायला तोंड उघडलं, हसला नाही, आणि चढावाला लागला. ती त्याच्या पाठीकडे बघत होती. म्हातारी झालेली, बापासारखीच रुंद पाठ. लोकांच्या नजरेआड होईपर्यंत तो ताठ चालला. मग वळणावर, आपल्याला कुणी पाहत नाही असं समजून, त्याने दोन्ही हात काखांत घट्ट खुपसले आणि खांदे आवळून घेतले.

किती वर्षं, रेग... तिला वाटलं. आज संध्याकाळी त्याला बापाच्या ब्लँकेटचं सांगावं का, तिला ठरवता येईना. वारा अजून होता. ती बिनकोटाची उभी होती आणि जबडा आवळलेला नव्हता. दात खुशाल वाजत होते, आणि पाद्रीबुवांचा शब्द न् शब्द तिला ऐकू येत होता.