तीन वर्षं पालथा पडलेला खल

मित्रांनो, क्षणभर असं समजा, की तुमच्या घरातून तीन वर्षं कॉफीचा वास आलेला नाही. पाहुणा येतो, तुम्ही त्याला पाणी देता, तो ते पितो आणि मान खाली घालून निघून जातो. का, ते कुणी विचारत नाही, कारण सगळ्या गावाला माहीत आहे. जमलं का? मग आता अंगणात या आणि अंजिराच्या झाडाखाली बघा. तिथे तोंड मातीत घालून पडलेला, मी एक जुना लाकडी खल आहे.

पॅलेस्टाईनच्या दक्षिणेकडच्या डोंगरात आमचं गाव आहे. इंग्रजांच्या अमलात माझा आजचा धनी हाज नायेफ याच्या वडिलांनी रानपिस्त्याचं एक जाडजूड खोड फिरत्या सुताराला दिलं. त्याने मला महिनाभर कोरलं, अंगावर नक्षी काढली आणि हातभर लांबीचा एक बत्ता सोबतीला दिला.

आमच्याकडे कॉफी गुपचूप कुटत नाहीत. भाजलेल्या बिया खलात पडल्या की बत्ता तालावर चालतो, आणि प्रत्येक घराचा ताल वेगळा असतो. आमचा होता दोन ठोके पोटात, एक काठावर. तो ऐकला की शेजारी हातातलं काम टाकून येत, कारण तो आवाज म्हणजेच आमंत्रण. आवाज ऐकून आलेल्या माणसाला कॉफीशिवाय परत पाठवणं म्हणजे घराची अब्रू घालवणं. लोक माझी तारीफ करत. मी फुगून जात असे.

राज्यासाठीही मी वाजलो आहे. अल्जीरियातून आमच्या राज्याची घोषणा झाली, ती नायेफने रेडिओवर ऐकली आणि मला तीन दिवस कुटलं. पाच वर्षांनी करार झाला, तेव्हा पुन्हा तीन दिवस. मुलं माझ्याभोवती झेंडे घेऊन नाचली. मग समोरच्या टेकडीवर आधी परक्या वसाहतवाल्यांची दोन पत्र्याची घरं आली, मग वीस पक्की घरं आली, मग कुंपण खाली सरकत सरकत आमच्या झऱ्यापाशी येऊन थांबलं.

त्या झऱ्यावर नायेफचा मुलगा मुफलिह पाणी भरत होता. टेकडीवरच्या वस्तीतल्या एका माणसाने त्याला गोळी घातली. कागद भरले गेले आणि कुठल्याशा कपाटात गेले. आठवड्याभराने तोच माणूस त्याच झऱ्यावर आपल्या शेळ्या घेऊन आला.

नायेफने मला धुतलं, पालथं घातलं आणि गावासमोर शपथ घेतली. "माझ्या मुलाला मारणाऱ्याचं रक्त सांडेपर्यंत या घरात कॉफी कुटली जाणार नाही. हा खल वाजला, तर समजा बदला झाला."

मित्रांनो, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मला ती शपथ आवडली. मुफलिह रांगायला शिकला तो माझा काठ धरून. कोंबड्या माझ्यावर बसल्या, मुंग्यांनी पोटात घर केलं, पावसाने माझी नक्षी काळी पडली. मी तक्रार केली नाही. लाकूड ओलाव्याने कुजतं, सूड कुजत नाही. खिळ्याला टांगलेल्या बत्त्याकडे बघून मी रोज एकच गोष्ट मनात आणत असे. त्या माणसाचं डोकं, आणि हा बत्ता.

अशी तीन वर्षं गेली. एके दिवशी शेजारचा हिलाल घाईघाईने अंगणात आला. नायेफला तो अजून मुफलिहचा बाप म्हणूनच हाक मारतो.

"अबू मुफलिह, ऐकलंस का? आणखी काही मोठ्या देशांनी आपल्या राज्याला मान्यता दिली."

"मुबारक. झरा परत मिळाला का?"

"झऱ्याचं नाही बोलले काही."

"मग टेकडी?"

"मी राज्याचं बोलतोय आणि तू झऱ्यातच अडकलायस."

"माणसाला तहान राज्याची लागत नाही, हिलाल."

"बरं बाबा. निदान आज तरी दोन ठोके मार. माझ्या बायकोची कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. तीन वर्षं तेच पितोय."

"पितोयस आणि जिवंत आहेस. म्हणजे बरी करत असणार."

हिलाल हसत गेला. मुफलिहचा मुलगा साएल भिंतीला टेकून ऐकत होता. सतरा वर्षांचा, बापाचेच खांदे. त्याने विचारलं, "आजोबा, राज्य आलं की त्या माणसाला शिक्षा होईल?"

"माझ्या डोळ्यांदेखत राज्य दोनदा येऊन गेलंय," नायेफ म्हणाला. "त्या खलाला विचार."

साएलने मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजाला आजोबा गेल्यावर त्याने खिळ्यावरचा बत्ता काढला आणि जाकिटात खुपसला. त्याची धाकटी बहीण रुबा, वय वर्षं अकरा, दारात उभी होती.

"कुठे निघालास?"

"शेळ्या बघायला."

"आपल्या शेळ्या गोठ्यात आहेत."

"मग दुसऱ्याच्या बघतो. तू आत जा."

तो झऱ्याच्या वाटेला लागला. जा, मी आतून ओरडत होतो, जा पोरा, नेम चुकवू नकोस. मला एवढंच दिसत होतं. रुबाला पुढचं दिसत होतं. त्या माणसाच्या खांद्यावर बंदूक असते. आणि बत्ता आधी लागला, तरी नंतर घर पाडायला सैन्याचं यंत्र येतं. शेजारच्या गावात तिने ते पाहिलं होतं. हाका मारून साएल थांबणार नाही, हेही तिला माहीत होतं.

ती माझ्याकडे आली. दोन्ही हात लावून तिने मला उलटवलं, मुंग्या झाडल्या आणि कोपऱ्यातला कुदळीचा दांडा उचलला. मग रिकाम्या पोटात दोन ठोके आणि काठावर एक. पुन्हा दोन, पुन्हा एक. रिकामा खल कुटणं आमच्याकडे लाजेची गोष्ट, पण त्याचा आवाज दूर जातो. माझा तो पुऱ्या डोंगरात गेला.

माणसं मशिदीतून पायात वहाणा न घालता धावत आली. बदला झाला, असंच सगळ्यांना वाटलं. अर्ध्या वाटेवर साएललाही तेच वाटलं. तो धापा टाकत परत आला.

"कुणी मारलं त्याला?"

"कुणीच नाही," रुबा म्हणाली.

साएलचा चेहरा मी पाहिला. मला चेहरा असता, तर तोही तसाच पडला असता.

नायेफ गर्दीतून पुढे आला. "कुणी वाजवला?"

"मी."

"शपथ माहीत होती तुला?"

"म्हणूनच वाजवला. दुसऱ्या कशानं तो फिरला नसता."

नायेफने साएलच्या जाकिटाकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. मग हिलाल खाली बसला. "तुमच्या घरातलं तुम्ही बघा. मी खलाचा आवाज ऐकून आलोय. या गावात असा माणूस कॉफी प्यायल्याशिवाय जात नाही."

घरात एक बी नव्हती. हिलालच्या घरून भाजलेल्या बिया आल्या. नायेफने नातवापुढे हात केला. साएलने बत्ता दिला. म्हाताऱ्याने स्वतः कुटायला घेतलं, आणि मित्रांनो, त्यातला एकही ठोका मला गोड लागला नाही. माझी शपथ फुकट गेली होती. मी त्या माणसाला माफ केलेलं नाही. आजही नाही. क्षमेचा धडा माझ्याकडे मागू नका, मला तो येत नाही. पण एक सांगतो. तुमचा राग आम्हा वस्तूंकडे सांभाळायला देऊ नका. आम्ही तो फार चांगला सांभाळतो. आम्हाला नातवंडं नसतात.

कप भरले. आमच्याकडे ज्याला घरधन्याकडे काही मागायचं असतं, तो आपला कप खाली ठेवतो आणि मागणं मान्य होईपर्यंत तोंडाला लावत नाही. तो न पिता उठून गेला, तर त्या घराला मान उरत नाही. हे काम पांढऱ्या दाढ्यांचं. मुलींना त्या बैठकीत जागाही नसते.

रुबाने शेवटचा कप उचलला, पुरुषांच्या गोलात येऊन बसली आणि कप समोर जमिनीवर ठेवला.

नायेफने विचारलं, "काय मागतेस?"

"साएल तिकडे जाणार नाही, हा शब्द. त्याचा आणि तुमचा."

"आणि तुझ्या बापाचं रक्त?"

"ते मी विसरले नाही, आजोबा. राज्य यायचं तेव्हा येऊ दे. पण ते येईल तेव्हा आपल्या घराचं दार उघडायला कुणीतरी पाहिजे."

साएलने मान फिरवली. नायेफ हातातल्या बत्त्याकडे बघत राहिला.

"कॉफी निवतेय, पोरी," कुणीतरी हळूच म्हणालं.

रुबाने कप बोटाने आणखी थोडा पुढे सरकवला, हात मांडीवर ठेवले आणि आजोबांकडे बघत बसून राहिली.