गोदूबाईंची साक्ष, नूरभाईंच्या आवाजात

एकवीस दिवसांचा उपास नवव्या दिवशीच संपला आणि तुळशीरामकाकांनी तीन वडापाव खाल्ले. हे झालेलं नाही. मंडळीच्या वहीत एकवीस दिवस पूर्ण असंच लिहिलंय, आणि वही पास्टर देवेश यांच्याकडे असते. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

टेमघरला एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या डोक्यावर प्रार्थनेची खोली आहे. खाली चोवीस लूम, वर एकोणीस माणसं. लूमची सुट्टी शुक्रवारी, प्रभूचा दिवस रविवार, त्यामुळे पास्टर सहा वर्षं ओरडूनच उपदेश करतात. शांतीवरचा उपदेश सगळ्यात मोठ्याने करावा लागला होता.

गोदूबाई याच कारखान्यात सव्वीस वर्षं कांड्या भरतात, म्हणजे आडवा धागा मशीनवर गुंडाळून लूमवाल्यांना पुरवतात. गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, आणि तिच्यासोबत स्वरयंत्रही. गळ्याला भोक राहिलं. बाई त्यावर रुमाल बांधून चौथ्या महिन्यात कामावर आल्या. मालकाने विचारलं, "हात चालतात ना?" चालत होते. विषय संपला.

मंडळीत मात्र विषय तिथून सुरू झाला. दर रविवारी सगळे बाईंच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि पास्टर म्हणायचे, "सिस्टर, विश्वासाने बोला, हालेलुया!" बाई तोंड उघडायच्या. भोकातून फुस्स. मग सगळे खाली बघायचे, जणू बाईंनी पंगतीत ताट सांडलंय. शेवटी पास्टरांनी उपास पुकारला. उजाडल्यापासून मावळेपर्यंत फक्त पाणी, एकवीस दिवस. तोवर आवाज आला नाही, तर आणखी एकवीस.

सगळ्यात आधी हात वर केला तुळशीरामकाकांनी. वय एकाहत्तर, साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू. आठव्या दिवशी ते जिन्यात कोसळले. दोघातिघांनी याला पवित्र आत्म्याचं काम म्हटलं. गोदूबाईंना ते साखरेचं वाटलं.

बाईंना हे थांबवायचं होतं. पण लिहिता येत नव्हतं, आणि हातवारे केले की लोक डोळे मिटून "आमेन" म्हणायचे.

त्यांचं बोलणं एकाच माणसाला कळायचं, तीन नंबर लूमवरच्या नूर मोहम्मदला. त्या खडखडाटात कुणाचाच आवाज ऐकू येत नाही, ओठच वाचावे लागतात. बाईंचा आवाज गेलाय हे नूरभाईंना पंधरा दिवस कळलंच नव्हतं.

काका पडले त्याच दिवशी, शनिवारी, बाईंनी ओठ हलवले, "नूरभाई, उद्या वर येऊन माझं सांगा त्यांना. म्हातारा मरंल."

"लूम कोण बघंल, तुमचा पास्टर? लाइट गेली तर येतो."

रविवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. पास्टर एकदम स्वतःलाच ऐकू आले आणि दचकून थांबले. दारात नूरभाई उभे, केसांत रुई.

"बाईला बोलायचंय!" ते ओरडले. हळू बोलायची त्यांना सवय नाही.

बाई उठल्या. ओठ हलले. नूरभाई बघतच राहिले.

"काय झालं?" पास्टरांनी विचारलं.

"इथं लय शांत हाय. समजत न्हाय. इतकी वर्षं आवाजातच वाचलंय ना. थोडा खडखडाट करा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग तुळशीरामकाकांनी बसल्या जागी खुर्ची आपटली. खट. कुणी डफली घेतली, कुणी स्टीलचा डबा. पास्टरांनी टेबल आधी नाराजीने आणि मग जरा जास्तच आवडीने बडवलं. खटाखट, खटाखट. नूरभाईंचा चेहरा खुलला.

"बाई बोलते! मी न्हाय, बाई बोलते! सव्वीस वर्षं मी मशीनवर प्रार्थना केली. आवाज होता, पण माझा मलाच ऐकू येत नव्हता. देवाला पोचलीच ना? मग आता काय बिघडलं?"

खटाखट.

"बाई बोलते, ऑपरेशनला नेलं तेव्हा मी लय भ्याले. आत एकदम शांत. एवढं शांत कधी बघितलंच नव्हतं. मग वाटलं, शेजारच्या मशीनवर कुणीतरी उभं हाय, आणि माझे ओठ बघतंय." नूरभाईंनी बाईंचे ओठ पुन्हा एकदा नीट बघितले. "बाई बोलते, तो येशू. अजून तिथंच हाय. मी खुशीत हाय. आवाजाची तक्रार मी केलीच नव्हती."

"आमेन," कुणीतरी म्हणालं.

"आमीन," नूरभाई सवयीने म्हणाले. "बाई बोलते, म्हाताऱ्याला जेवायला घाला. हे माझं पण म्हणणं हाय. आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ असतो. तुमच्यात न्हाय काय?"

पास्टरांनी बायबल उघडलं, मिटलं. "वडापाव सांगा," ते म्हणाले.

"मला तीन," तुळशीरामकाका म्हणाले. त्यांनी हे आधीच ठरवलेलं दिसत होतं.

गोदूबाई हसल्या. भोकातून फुस्स झालं. या वेळी कुणी खाली बघितलं नाही. तेवढ्यात लाइट आली आणि नूरभाई पळाले.

पण बाईंचं सांगून झालं नव्हतं. सोमवारी त्यांनी नूरभाईंना सांगितलं, नूरभाईंनी पास्टरांना, आणि पास्टरांनी अर्ज लिहिला:

"प्रति, मा. उपअभियंता, वीजपुरवठा विभाग. विषय: दर रविवारी वीज घालवणेबाबत. महोदय, टेमघर येथील वीज दर रविवारी सकाळी ११.१० ते ११.५० या वेळेत न चुकता घालवण्यात यावी, जेणेकरून आमचे दुभाषे श्री. नूर मोहम्मद यांना ड्युटी सोडून वर येता येईल. शुक्रवारी त्यांना सुट्टी असते, परंतु त्या दिवशी ते स्वतःच्या प्रार्थनेस जातात. आपण इतर दिवशी वीज घालवताच. त्यातील चाळीस मिनिटे इकडे वळती करावीत, ही नम्र विनंती. अर्जदार गोदूबाई यांचे बरेच बोलणे शिल्लक आहे."

खाली अंगठा.